खुळखुळणारे खिसे

फिलिपिन्समध्ये 31 डिसेंबरच्या रात्री मुलं लवकर झोपत नाहीत. यात काही नवल नाही, तुम्हीही झोपत नसाल. पण तिथल्या मुलांना त्या रात्री एक महत्त्वाचं काम असतं. घरात सापडतील तेवढी नाणी गोळा करायची आणि खिशांत कोंबायची. अंगात ठिपक्याठिपक्यांचा सदरा नाहीतर फ्रॉक, कारण ठिपका गोल आणि नाणंही गोल! टेबलावर गोल गोल फळं मांडलेली असतात, बारा महिन्यांसाठी बारा प्रकारची. काही घरांत तेरा. त्यासाठी बाजारात जी धावपळ उडते, ती आपल्याकडच्या गणपतीच्या आदल्या दिवशीसारखी.

बाराचा ठोका पडला की बाहेर फटाके आणि आत उड्या. उडी जितकी उंच, तितकी येत्या वर्षात उंची वाढणार म्हणे. आणि उड्या मारता मारता खिसे जोरात खुळखुळवायचे, म्हणजे वर्षभर घरात पैसा खुळखुळत राहतो. उंचीचं म्हणाल तर उड्या मारून कोणी ताडमाड झाल्याचं ऐकिवात नाही. नाण्यांची किंमत मात्र या लोकांना पक्की ठाऊक आहे. नोटा आहेत, मोबाइलवरून पैसे पाठवायची सोयही आहे, तरी तिथला रोजचा दिवस ढकलते ती चिल्लर.

आधी थोडी ओळख करून घेऊ. फिलिपिन्स म्हणजे 7,641 बेटांचा देश. राजधानी मनिला, चलन पेसो. स्पेनने तिथे तीनशेहून जास्त वर्षं राज्य केलं, पेसो हे नाव त्या काळातलं. लोक बोलताना ‘पिसो’ म्हणतात आणि नाण्यावरही तसंच छापतात, म्हणून आपणही पिसोच म्हणू. एका पिसोचे शंभर सेंटिमो. आपल्या हिशेबात एक पिसो साधारण दीड रुपयाचा. दीड रुपयात आपल्याकडे काय येतं, असं विचाराल तर मीही डोकं खाजवीन. तिथे मात्र एका पिसोला अजून मान आहे.

तो कसा, ते बघायला जीपनीत बसू. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याच्या बऱ्याच जीपगाड्या तिथे मागे राहिल्या. तिथल्या कारागिरांनी त्या लांब केल्या, वर छप्पर चढवलं, आत समोरासमोर दोन लांब बाकडी टाकली आणि भडक रंगांनी, चित्रांनी गाडी मढवून टाकली. झाली जीपनी! चढायचं मागच्या बाजूने. कंडक्टर बहुतेक गाड्यांत नसतोच. ड्रायव्हर पुढे, तुम्ही पार मागे दाराशी. मग तिकिटाचे पैसे द्यायचे कसे?

नाणी हातात धरायची, पुढे करायची आणि म्हणायचं, ‘बायाद पो!’ म्हणजे ‘हे भाडं घ्या हो!’ शेजारचा प्रवासी ती घेतो आणि पुढच्याला देतो, तो त्याच्या पुढच्याला. असं करत करत नाणी ड्रायव्हरच्या खांद्यापर्यंत पोचतात. कोण कुठे उतरणार, कोणी किती दिले, किती परत करायचे, हे सगळं तो गाडी चालवता चालवता लक्षात ठेवतो. उरलेले पैसे त्याच हातांवरून मागे येतात. कोणी कोणाला ओळखत नाही, तरी सुट्टे बरोबर तुमच्याच मुठीत. मला विचाराल तर गणिताच्या तोंडी परीक्षेला अशा ड्रायव्हरकाकांनाच परीक्षक म्हणून बोलवायला हवं. नोटा ते उभी घडी घालून बोटांच्या बेचक्यांत धरतात. आपले एसटीचे कंडक्टरही तसंच करायचे, घरी आजीला विचारा.

2023 साली साध्या जीपनीचं कमीत कमी भाडं 13 पिसो झालं. आता सकाळी सकाळी दहा जणांनी हजारांच्या नोटा काढल्या तर ड्रायव्हरने काय करायचं? म्हणून गाडीत एक पाटी हमखास दिसते. तिचा अर्थ, ‘सकाळी फक्त सुट्टे द्या हो!’

जीपनीतून उतरलात की कोपऱ्यावर सारी-सारी स्टोअर असतंच. घराच्याच एका खिडकीत थाटलेलं हे दुकान. पुढे लोखंडी जाळी, जाळीतून लोंबणाऱ्या पुड्यांच्या माळा आणि मागे दुकानदारीणबाई. अख्ख्या देशात अशी दहा लाखांहून जास्त दुकानं आहेत. इथली खरी गंमत आहे ‘तिंगी’. तिंगी म्हणजे थोडं थोडं, सुटं सुटं विकणं. लसणाची एकच कुडी हवी? मिळेल. छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन-तीन चमचे तेल, तेवढंच व्हिनेगर, गाठ मारून तयार. एक अंडं, एक बिस्किट, एका अंघोळीपुरता शाम्पू. कोल्ड्रिंक घेतलंत तर बाई बाटली उघडून ते पिशवीत ओततात, वर स्ट्रॉ खोचतात आणि बाटली परत ठेवून घेतात. काचेची बाटली कंपनीला द्यायची असते ना! मग मुलं हातात फुगलेली पिशवी धरून कोल्ड्रिंक ओढत रस्त्याने निघतात.

हे सोयीचं वाटतं, पण त्यात एक गोम आहे. ज्याला रोजच्या रोज मजुरी मिळते, तो एकदम किलोभर साखर घेऊ शकत नाही. आज लागेल तेवढीच घेतो. चिमूटभर घेतलेली वस्तू हिशेब केला तर किलोच्या भावापेक्षा महाग पडते. शिवाय रिकाम्या पुड्यांचा ढीग गटारांत, नद्यांत आणि समुद्रात जातो. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा आपल्याही टपरीवर लटकतात आणि पावसाळ्यात आपलेही नाले तुंबतात. तेव्हा या बाबतीत आपण त्यांना नावं ठेवायला नकोत.

आता सुट्टे नसले की दुकानदार काय करतो? तुम्हाला माहीत आहे! हातावर एक गोळी टेकवतो आणि म्हणतो, ‘सुट्टे नाहीत, हे घे.’ फिलिपिन्समध्येही हेच चालायचं. पण 2016 साली तिथे चक्क कायदा झाला: दुकानाने गिऱ्हाइकाचे उरलेले पैसे पैशांतच द्यायचे, गोळ्या-चॉकलेटं देऊन भागवायचं नाही. पहिल्याच चुकीला कमीत कमी 500 पिसो दंड. हा कायदा वाचून मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. तुमच्यातल्या काहींना मात्र गोळीच बरी वाटत असेल.

आता येऊ तुमच्या आवडत्या विषयाकडे, वायफायकडे. सारी-सारी स्टोअरच्या भिंतीवर पुष्कळदा एक पेटी टांगलेली असते. तिला एक फट आणि वर लिहिलेलं असतं ‘पिसो वायफाय’. एक पिसोचं नाणं फटीत टाकलं की काही मिनिटं इंटरनेट सुरू. वेळ संपली की बंद, हवं तर टाका अजून एक. अशाच ‘पिसोनेट’च्या टपऱ्या आहेत, तिथे नाणं टाकलं की समोरचा कॉम्प्युटर चालू होतो. गृहपाठ चाललाय की गेम, ते त्या कॉम्प्युटरलाच ठाऊक! गाणं म्हणायचं यंत्रही आहे. पाच पिसोचं नाणं टाका, गाणं निवडा, माइक धरा आणि शेजाऱ्यांच्या सहनशक्तीची परीक्षा घ्या. गाण्याचं वेड या देशात इतकं आहे की अशी यंत्रं गल्लोगल्ली सापडतात.

पण थांबा. डोळे नाहीत, बोटं नाहीत, मग पेटीला कसं कळतं की आत पडलं ते पिसोच आहे, शर्टाचं बटण नाही?

फटीच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. त्यांतून सतत उलटसुलट दिशा बदलणारी वीज वाहते, त्यामुळे वेटोळ्यांभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. नाणं घरंगळत त्या क्षेत्रातून गेलं की नाण्याच्या धातूत विजेचे छोटे छोटे भोवरे उठतात. त्यांना भोवरी प्रवाह म्हणतात. हे भोवरे वेटोळ्याच्या क्षेत्राला जरासा धक्का देतात. धक्का किती, ते ठरतं नाणं कोणत्या धातूचं, किती जाड आणि किती रुंद आहे त्यावर. म्हणजे प्रत्येक नाण्याची स्वतःची एक सही असते म्हणा ना! यांतल्या बऱ्याच यंत्रांच्या पोटात मालकाने एक खरं नाणं नमुना म्हणून आधीच अडकवून ठेवलेलं असतं. आत आलेल्या नाण्याची सही नमुन्याशी जुळली तर वायफाय सुरू, नाही जुळली तर नाणं खडखडत खालच्या फटीतून बाहेर. प्लॅस्टिकच्या बटणात विजेचे भोवरे उठतच नाहीत, त्यामुळे बटण टाकणाऱ्याची डाळ शिजत नाही.

तरी एकदा यंत्रं फसली होती, आणि तीही हजारो किलोमीटर दूर, दुबईकडे! संयुक्त अरब अमिरातीत पुष्कळ फिलिपिनो लोक नोकरीला असतात. तिथलं एक दिरहॅमचं नाणं तेव्हा 24 मिलिमीटर रुंद, तांबं आणि निकेल यांच्या मिश्रणाचं होतं. तेव्हाचं एक पिसोचं नाणंही बरोब्बर 24 मिलिमीटर रुंद आणि त्याच मिश्रणाचं. सही जवळजवळ तीच. झालं! काही चलाख लोकांनी दिरहॅमऐवजी पिसो टाकून यंत्रातून थंड पेयं काढायला सुरुवात केली. एका दिरहॅमला दहाहून जास्त पिसो मिळतात, तेव्हा यंत्रवाल्याचं केवढं नुकसान झालं असेल ते तुम्हीच काढा.

यंत्रं सोडा, माणसंही फसतात. 2018 च्या सुमाराला फिलिपिन्सच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे बांको सेंट्राल या त्यांच्या रिझर्व्ह बँकेने, नाण्यांचा नवा संच आणला. एक, पाच आणि दहा पिसो, सगळी चंदेरी आणि सगळी गोल. एक पिसो 23 मिलिमीटर, पाच पिसो 25 मिलिमीटर. दोन मिलिमीटरचा फरक जीपनीच्या अंधारात कोणाला कळणार? एक समजून पाच दिले आणि पाच समजून एक घेतला, असा घोळ सुरू झाला. लोक वैतागले, कुरकुरले. शेवटी 2019 च्या डिसेंबरमध्ये बँकेने पाच पिसोचं नाणं बदललं आणि त्याला नऊ कोपरे दिले! आता डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळतं. अंध माणसांचीही सोय झाली. माझ्या मते हे शहाणपण आधीच सुचायला हवं होतं, पण उशिरा का होईना, सुचलं.

त्याच महिन्यात 20 पिसोचं दोन रंगांचं नाणंही आलं. वीसची नोट इतक्या हातांतून फिरायची की काही महिन्यांतच तिचं मळकट फडकं व्हायचं. नाणं मात्र दहा-पंधरा वर्षं आरामात टिकतं.

एवढी नाणी पाडूनही दुकानदार म्हणतात, ‘सुट्टे नाहीत!’ मग जातात कुठे? घरोघरच्या ‘अल्कान्स्या’त. अल्कान्स्या म्हणजे गल्ला. पूर्वी बांबूच्या एका पेरालाच फट पाडून तो करत, आता बाटल्या आणि डबेही चालतात. मुलं त्यात नाणी टाकतात, मोठी माणसंही टाकतात आणि विसरून जातात. यावर बांको सेंट्रालने 2023 मध्ये एक युक्ती काढली. मनिला आणि आसपासच्या मॉलमध्ये नाणी गिळणारी यंत्रं बसवली. पिशवीभर चिल्लर घेऊन जायची आणि तोंडात ओतायची. यंत्र खडखड करत मोजतं आणि तेवढी रक्कम तुमच्या मोबाइलच्या पाकिटात जमा होते, किंवा खरेदीची पावती मिळते. या यंत्रांपुढे रांगा लागल्या.

मोबाइलचं पाकीट तिथे नवं नाही बरं का! ‘जीकॅश’ ही सेवा 2004 मध्ये सुरू झाली. तेव्हा आजच्यासारखे स्मार्टफोन नव्हते, साध्या एसएमएसवर पैसे पाठवायचे. का गरज पडली? कारण तिथली लाखो माणसं परदेशात काम करतात: कोणी नर्स, कोणी खलाशी, कोणी घरकाम करणाऱ्या मावशी. त्यांनी 2024 या एका वर्षात बँकांतून 34 अब्जांहून जास्त डॉलर घरी पाठवले. गल्लीतल्या दुकानापर्यंत ते पोचवायला काहीतरी सोय हवीच होती.

नोटांबद्दल थोडक्यात सांगतो, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. फिलिपिन्सची कागदी नोट पाच भागांतले चार भाग कापूस आणि एक भाग ‘अबाका’ अशी बनते. अबाका दिसतो हुबेहूब केळीसारखा आणि आहेही केळीचाच भाऊबंद! पण त्याची केळी खात नाहीत, सोपटातून चिवट धागा काढतात. त्या धाग्याचे जहाजांचे दोर होतात आणि चहाच्या पिशव्यांचा कागदही होतो. गरम पाण्यात टाकली तरी ती पिशवी फाटत नाही, त्यामागे पुष्कळदा अबाकाच असतो.

2022 मध्ये मात्र हजार पिसोची नोट प्लॅस्टिकची झाली. तिच्यावर आहे फिलिपिन्सचा गरुड. पंख पसरले तर सुमारे दोन मीटर, आणि शिकार करतो माकडांचीसुद्धा! या नोटेला त्या वर्षीची जगातली सर्वोत्तम नोट म्हणून बक्षीसही मिळालं. सगळे खूश झाले असं समजू नका. पूर्वी त्या नोटेवर महायुद्धात प्राण दिलेले तीन वीर होते, त्यांना का काढलं म्हणून काही लोक रागावले. अबाका पिकवणारे शेतकरी तर म्हणाले, ‘आमच्या धाग्याचं आता काय?’ त्यांचं बरोबरच होतं. प्लॅस्टिकची नोट टिकते जास्त, भिजली तरी चालते, पण प्लॅस्टिक काही शेतात उगवत नाही.

आता नाण्यांची सगळ्यात थरारक गोष्ट. वर्ष 1942. जपानी सैन्य मनिलात शिरलं होतं. सरकारचा खजिना आधीच कॉरेजिडॉर या छोट्या बेटावर हलवलेला. फेब्रुवारीत ‘ट्राउट’ नावाची अमेरिकन पाणबुडी गुपचूप तिथे पोचली आणि तिने तोफांचे गोळे उतरवले. गोळे उतरल्यावर पाणबुडी झाली हलकी. हलकी पाणबुडी पाण्याखाली नीट तोल सांभाळत नाही, तिला पोटात वजन लागतं. कप्तानाने वाळूची पोती मागितली. बेटावरचे लोक म्हणाले, ‘वाळूची पोती आम्हालाच बचावासाठी हवीत. सोनं चालेल का?’ आणि खरोखरच वाळूऐवजी सुमारे वीस टन सोन्याच्या विटा आणि चांदीची पिसो नाणी भरून ट्राउट निघाली! पुढच्या महिन्यात ती हवाईला सुखरूप पोचली.

तरीही चांदीचे दीड कोटीहून जास्त पिसो बेटावर उरले. ते जपान्यांच्या हाती पडू नयेत म्हणून बेट पडायच्या आधी लाकडी खोक्यांसकट समुद्रात बुडवले. जपान्यांना सुगावा लागलाच. त्यांनी पाण्यात बुड्या मारणाऱ्या अमेरिकन कैद्यांना खाली उतरवून नाणी काढायला लावली. हे कैदीही वस्ताद! ते मुद्दाम सावकाश काम करत आणि खाली खोकी फोडून ठेवत, म्हणजे नाणी चिखलात विखुरत. युद्धानंतर अमेरिकेच्या नौदलाने त्यातली बरीच नाणी वर काढली, सगळी मात्र नाही सापडली.

आता आपल्या ओळखीचंही थोडं सांगतो. आपल्याकडे आई-मावशी भिशी लावतात ना? तिथे त्याला ‘पालुवागान’ म्हणतात. दहा जणांनी दर आठवड्याला ठरलेले पैसे द्यायचे आणि सगळी रक्कम पाळीपाळीने एकेकाला मिळायची. अगदी तीच रीत. दुचाकीवरून फिरून छोटी कर्जं देणारे भारतीय सावकारही तिथे आहेत. ते बहुतेक पंजाबकडचे, पण लोक त्यांना ‘बुंबाय’ म्हणतात, आपल्या मुंबईवरून. पाच घ्यायचे, सहा परत करायचे, असा त्यांचा हिशेब. शेकडा किती व्याज झालं? वही काढा.

आणि नाताळ आला की मुलांची चंगळ. सोडाबाटल्यांची झाकणं ठोकून चपटी करायची, तारेत ओवायची, झालं वाद्य! ते वाजवत घरोघर गाणी म्हणत फिरलं की नाणी मिळतात. नाताळच्या दिवशी ‘निनोंग’ आणि ‘निनांग’, म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता, यांच्याकडे जायचं, त्यांचा हात आपल्या कपाळाला लावून आशीर्वाद घ्यायचा आणि कोऱ्या करकरीत नोटेची वाट बघायची. दहा-बारा मुलांचे निनोंग असलेले काका त्या दिवशी घरात सापडत नाहीत, असा विनोद तिथे दरवर्षी होतो.

आता तुमच्यासाठी एक काम. घरातला चुंबक शोधा आणि आपला गल्ला उघडा. एक आणि दोन रुपयांची अलीकडची नाणी टपकन चिकटतील, कारण ती पोलादाच्या जातीची आहेत. दहाचं अलीकडचं दोन रंगी नाणं चिकटणार नाही, वीसचंही नाही. पाचची वेगवेगळ्या सालांची नाणी लावून बघा आणि साल लिहून तक्ता करा. तक्ता आम्हाला पाठवा, चांगले तक्ते छापू. आणि गल्ला उघडलाच आहे तर सगळी चिल्लर पुन्हा आत कोंबू नका. किराणावाल्या काकांकडे घेऊन जा आणि बदल्यात नोट मागा. सुट्ट्यांसाठी ते कधीचे अडून बसलेत.